टोकन खिळ्यावर, माणूस मैदानात

पप्पा,

आज तुमच्या अभ्यासिकेतले सगळे कॉम्प्युटर टेम्पोत चढले आणि शेजारच्या गावातल्या कॅम्प एकच्या भंगारवाल्याकडे गेले. इतका वैताग आलाय की कुणापुढे तरी ओरडल्याशिवाय राहवत नाहीये, आणि माझं ओरडणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे घरात तुम्ही एकटेच होता.

मशीन जुनी, एका ऑफिसने टाकून दिलेली. नेहमीची सिस्टीम त्यांना झेपेना, म्हणून मी लिनक्स टाकलं. मस्त पळालं. फक्त इंटरनेट लागेना, आणि पोरांना भरतीचे फॉर्म भरायला तेच तर हवं होतं! मशीनमध्ये कुठले पार्ट बसवलेत ते ओळखणारा एक प्रोग्राम असतो त्यात. तो ऐटीत सांगतो, इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड सापडलं, ते चालवणारा ड्रायव्हर लागला, सगळं ठीक. अरे, ठीक तर चालत का नाही? कार्ड पुसून बसवलं, ठीक. ड्रायव्हर बदलला, ठीक. शेवटी चिडून कार्डच उपसून टेबलावर ठेवलं, तरी मेला आधीची माहिती कवटाळून म्हणतोय, ठीक! किळस आली मला त्या शब्दाची.

तुमच्या फॅक्टरीत कामगार आत आला की गेटवरच्या बोर्डाला आपलं टोकन लावायचा. तीच पद्धत तुम्ही विहारामागच्या आपल्या अभ्यासिकेत आणलीत. आलं की पत्र्याचा नंबर खिळ्याला, निघताना काढून डब्यात. एकदा एक पोरगा टोकन लावून क्रिकेटला पसार झाला होता. तुम्ही पायात चप्पल सरकवून तरातरा मैदानात जाता, त्याला बखोटीला धरून आणता आणि सगळ्यांसमोर झापता, "टोकन खिळ्यावर आणि माणूस मैदानात? असला खोटेपणा माझ्याकडे चालायचा नाही." मग त्यालाच चहा पाजता. अंबरनाथमध्ये अजून कुणीतरी मला हा किस्सा सांगतंच.

आज अभ्यासिकेचे खजिनदार काका म्हणाले, "ताई, मशीन म्हणतं ठीक आहे, तू म्हणतेस ठीक करते. पोरं अजून सायबर कॅफेतच रांगा लावतायत. आता बस कर." मी प्लग काढेपर्यंत स्क्रीनवर तेच 'ठीक' लिहिलेलं होतं. शिवी हासडली मी, विहाराच्या आवारात.

टेम्पो गेल्यावर काका बोर्डापाशी थांबले. एक नंबरच्या खिळ्याकडे बोट करून हळूच म्हणाले, "हे तरी काढू या का आता?"

"त्याला हात लावायचा नाही!" मी खेकसले. बिचाऱ्यांनी बोट मागे घेतलं.

तुमचंच टोकन ते. छातीत दुखलं आणि तुम्हाला रिक्षात घालून नेलं, त्या गडबडीत काढायचं राहिलं. हे पत्र काही कुठे पोचणार नाही, म्हणून सांगते. ते तिथे विसरून राहिलेलं नाहीये, पप्पा. दर रविवारी झाडू मारून झाला की मी ते काढते, पुसते आणि परत लावते.