पेंडीच्या गोदामातलं पिवळं चित्र

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

चुना अजून वाळलेला नाही! तळहात टेकवला की पांढरा होतो. रात्री दव, दिवसभर गार वारं — भिंत वाळणार कधी? प्रदर्शन बारा तारखेला.

झरीहून राजेश्रीचा फोन. "प्लॅस्टिक पेंट मार अन् मोकळी हो. भिंत बघायला कोण येणार हाय?" बहुतेक चित्रं तिचीच लागणार आहेत, तेव्हा तिला बोलायचा हक्क आहे. पण नाही. फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत. उजेड छपरातल्या काचांमधून. चौकटी जुन्या खोक्यांच्या फळ्यांच्या. रंग हळद, गेरू, काजळ, पानांचे. एका ठिकाणी सूट दिली की मी सगळीकडे देत सुटेन. मी मला ओळखते.

गोदामाला अजून सरकीच्या पेंडीचा वास येतो. अप्पा म्हणाले, "येऊ दे. वासानं तरी गिऱ्हाईक आत येईल!" स्वतःची पेंड त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबलीय. माझ्यासाठी. त्यामुळंच जास्त भीती वाटते.

५ जानेवारी, रविवार

आत्याचं चित्र झालं!!

महिनाभर मागं लागले होते. "माझ्यानं न्हाई व्हायचं," "डोळे गेले आता," "कामं पडलीत." आणि आज दुपारी भांडी घासता घासता — "माळवदावर वाळाया घातलंय, बघ जा."

अप्पांच्या जुन्या धोतरावर आई काढलीय. लग्नातली, हळद लागलेली. तोंड, गळा, हात, सगळं पिवळंधमक. केस काजळाचे, लुगड्याचे काठ गेरूचे.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. लग्नाच्या फोटोंत ती सगळीकडे खाली बघते. आत्याच्या चित्रात ती सरळ माझ्याकडे बघतेय. मी किती वेळ माळवदावर बसले कोण जाणे. आत्यानं खालून हाक मारली, "आगं, माकडं नेतील त्या चित्राला, अन् तुला बी!"

कपाळ तेवढं कोरं आहे. मध्यंतरी आत्यानं विचारलं होतं, "बाजारातनं चिमूटभर कुंकू आणतीस का?" मी म्हणाले, बाजारातल्या कुंकवात रासायनिक रंग असतो, आपल्या प्रदर्शनात चालत नाही. गेरू लाव ना. "गेरूचं कुंकू कोण लावतंय, बाई? बरं. राहू दे."

नाव घालू नको म्हणाली. "लोक म्हणतील, भागम्माला म्हातारपणी चळ लागलाय." चित्राखालच्या चिठ्ठीवर नावाची जागा मोकळी ठेवलीय.

८ जानेवारी, बुधवार

चित्रं टांगली. आई समोरच्या भिंतीवर — आत आलं की पहिली तीच दिसावी.

भिंत वरवर कोरडी वाटते. वाटते! आईच्या चित्रामागे जरा फुगलीय. टांगू की नको, टांगू की नको, करत शेवटी टांगलं.

आत्यानं गोदामातला माठ भरायचं काम स्वतःकडे घेतलंय. अंगणातून गोदामाचं मागचं दार उघडतं, पूजेवरून उठली की तशीच तिकडे जाते. जाता जाता घरभर विभूती लावत फिरते. अप्पा, मी, दारात आलेला दूधवाला — कुणाला सोडत नाही. विभूतीही घरचीच, तिनं गोवऱ्या जाळून केलेली. मी घाईत कपाळ पुढं करते आणि पळते.

"थांब की गं. देव काय पळून जायलाय?"

"देव नाही आत्या, मी पळायले."

शाळेत जायच्या आधी अक्षरं तिनंच शिकवली, परातीत राख पसरून, बोट धरून. उरलेलं पाणी तुळशीला, जुनं धोतर पायपुसण्याला, पायपुसणं शेवटी चुलीला. आज लोक मला विचारतात, हे पर्यावरणाचं कुठं शिकलीस?

१० जानेवारी, शुक्रवार

आईच्या कपाळावर लाल डाग आलाय.

नऊ वाजता दार उघडलं आणि पहिलं तेच दिसलं. आधी वाटलं, उजेडाचा खेळ. जवळ गेले. नाही. तपकिरी-लाल. अगदी तिथंच, जिथं मागं भिंत फुगलीय.

ओला चुना. माझा चुना!

कुणाला सांगितलं नाही. आत्या दुपारी आली तेव्हा चित्रासमोरच उभी राहिले. "आशी काय खांबावानी उभी?" म्हणाली. मी म्हणाले, पाय दुखतात. खोटं बोलता येत नाही मला. ती माझ्या खांद्यावरून चित्राकडे बघून जराशी हसली.

११ जानेवारी, शनिवार

डाग वाढलाय. काल टिकलीएवढा होता, आज आडवा पसरलाय.

राजेश्रीला फोन करून रडले. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला रडण्याचं काही नाही. "हळदीला खार लागला की लाल होतीच की. चुना म्हण, सोडा म्हण, राख म्हण. लिंबू लाव, पुन्हा पिवळी होईल." उरलेल्या धोतराच्या तुकड्यावर करून बघितलं. खरंच होते. पण लिंबाचा डाग उरतो. आईच्या चेहऱ्यावर डाग! ती पुन्हा कशी काढणार आत्या? तिचे हात थरथरतात. आणि एकदा बिघडलं म्हटल्यावर ती पुन्हा कापडाला हात लावणार नाही.

प्लॅस्टिक पेंट मारला असता तर?

एक मात्र कळत नाही. राजेश्रीचं हळदीच्या शेताचं चित्र त्याच भिंतीवर आहे. ते पिवळंच्या पिवळं.

संध्याकाळी शेजारचे चंद्रभानकाका डोकावले. "फ्लेक्स न्हाई, बँड न्हाई, कळंल कसं लोकाला? आगं पोरी, आजकाल माणूस मेला तरी फ्लेक्स लावायलेत!" अप्पा म्हणाले, "तुमी हावच की चंद्रभान, गावभर बोंबलायला. तुमच्यापुढं फ्लेक्स काय करतंय?" दोघं खूप हसले. मीही हसले.

ठरलं. उद्या लोक यायच्या आत, कापसानं, हलक्या हातानं, लिंबू. आत्याला नंतर सांगेन. सांगेनच.

१२ जानेवारी, रविवार

उजाडताच वाटीत लिंबू पिळून गेले. मागचं दार उघडंच होतं. आत्या चित्रासमोर उभी, माठ अजून रिकामा. तीन बोटांवर ओली विभूती. ती आईच्या कपाळावर टेकवली — आणि तिथली हळद हळूहळू लाल होत गेली. कुंकवासारखी.

"वैनी, आज लोक येणार हायेत तुला बघायला."

मग माझ्याकडे वळली. "ये. तुझं ऱ्हायलंय."

वाटी पाठीमागे धरून मी कपाळ पुढं केलं. पळाले नाही.