सारंगच्या करारातलं कलम

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या बास्केटबॉल संघाने सारंगला चेन्नईच्या संघाला देऊन टाकलं, बदल्यात दोन खेळाडू घेतले. कारण त्याच्या करारातलं ते कलम. हंगाम संपला की खेळाडू स्वतःहून करार सोडू शकतो. संघाचा व्यवस्थापक म्हणून ते मीच भांडून घातलं होतं. खेळाडू म्हणजे कळमन्याच्या बाजारातली संत्री नव्हेत, असं सभेत गरजलो होतो. मालक म्हणाले, "फुकट निघून जाण्याआधी अदलाबदल केलेली बरी."

सारंग निरोप घ्यायला आला. "काका, मी कुठं जाऊन राहिलो होतो? मले त इथंच खेळाचं होतं."

इथंच.

मग त्यानंच विचारलं, "तिथले म्हणतात, ते कलम काढ. काढू का?"

"नको," म्हणालो. इतक्या हळू मी आयुष्यात कधी बोललो नसेन.