बायनाबाईच्या मोहावर माझं नाव

कोसमटोला,
ता. ४ एप्रिल १९८६

आदरणीय श्रावणभाऊ यांस,

लहानूचा सप्रेम जयभीम. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि ठमावहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझी कंबर धरली आहे. तिचं कारण सांगावं म्हणून हे पत्र.

गेल्या मंगळवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली आणि टपालाची थैली घ्यायच्या आधी दोन तास मी मोहाच्या झाडाखाली ओणवा होऊन फुलं वेचत होतो. झाड माझं नव्हतं. टोपलीही माझी नव्हती. दोन्ही बायनाबाई मडावीची होती. ती स्वतः शेजारच्या दगडावर बसून माझ्यावर नजर ठेवत होती. "तिकडे राह्यली ना भाऊ चार फुलं. तुमाले दिसत नाई का?" असं ती दर घटकेला सांगायची. (चष्मा घरी राहिला होता, हे खरं आहे.)

आमच्या 'वनसखा पदभ्रमण व संवर्धन मंडळा'विषयी तुम्हाला मागे कळवलं होतं. अध्यक्ष प्राध्यापक बोम्मावार सर, राहणार माझ्याच टपालाच्या हद्दीत. (माणूस मनाने चांगला आहे. हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा लिहितो आहे, कारण दर वेळी मलाच ती आठवण करून द्यावी लागते.) मी तीस वर्षं टपालाची थैली घेऊन जंगल तुडवतो आहे, त्याला कोणी पदभ्रमण म्हटलं नाही. सर कॅनव्हासचे पांढरे जोडे घालून, गळ्यात शिटी अडकवून आमच्या टेकडीवर चढले आणि ते पदभ्रमण झालं. वाटा मला ठाऊक म्हणून मला मार्गप्रमुख नेमलं, अक्षर बरं म्हणून चिटणीसही. मार्गप्रमुखाने पुढे चालायचं आणि चिटणिसाने मागे राहिलेल्यांना गोळा करायचं. एकाच माणसाने ही दोन्ही कामं कशी करावी, याचा मंडळाच्या घटनेत खुलासा नाही.

फेब्रुवारीत सरांच्या डोक्यात वृक्षपालक योजना आली. प्रत्येक सभासदाने एका झाडाचं पालक व्हायचं आणि झाडावर त्याच्या नावाची पत्र्याची पाटी लावायची. एकतीस सभासद, एकतीस पाट्या. त्या सगळ्या मीच रंगवल्या. 'या वृक्षाचे पालक', खाली नाव. झाडांवर प्रेम करणाऱ्या मंडळाने मग एकेका झाडाला दोन-दोन खिळे ठोकले. सरांनी मोठी, डेरेदार, गावाजवळची झाडं निवडली. गावाजवळ मोठी झाडं कोणती उरतात, हे तुम्ही जाणताच. सगळे मोह. मी तिथे उभा होतो, भाऊ. हातोडी माझ्याच हातात होती. मंडळी टाळ्या वाजवत होती आणि मी खिळे ठोकत होतो.

जंगल सरकारचं असलं तरी कोणता मोह कोणाच्या घरचा, हे इथे सगळ्यांना पाठ असतं. ज्याचा मोह, तो त्याखालची जागा झाडतो आणि तोच वेचतो. दुसऱ्याने वेचली तर चोरी. मार्चमध्ये फुलं पडायला लागली तेव्हा बायांनी पाट्यांवर काय लिहिलं आहे, ते वाचायला मलाच बोलावलं. (गावात लिहिलेलं काही आलं की ते टपालवाल्यानेच वाचायचं.) मी एकेक नाव वाचत गेलो. वाचून झालं तेव्हा एकीनेही टोपली खाली ठेवली नाही. सगळ्या रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या.

बायनाबाईच्या झाडावर नेमकं माझं नाव होतं. ती दारात आली. म्हणाली, "तुमचं नाव लागलं ना भाऊ माह्या मोहाले? मंग वेचा तुमीच. मी वेचली त लोक मले चोर म्हणतीन." मी समजावलं की ते नुसतं नाव आहे. त्यावर तिचं उत्तर, "नाव नुसतं कसं राह्यते? आनं वेचता त पह्यली ओंजळ देवाले ठेवाले भुलू नका." पावसाळ्यात तिच्या घरात तांदूळ येतो तो याच फुलांच्या बदल्यात. म्हणून मी वेचायचो आणि टोपली तिच्या ओसरीवर ठेवून यायचो. पण उरलेली तीस झाडं? बाकी सभासद शहरात, बाया घरात आणि फुलं मातीत.

सरांकडे गेलो. ते खुश होते. म्हणाले, "लहानूजी, बघा, गावकऱ्यांनी आपणहून वेचणं थांबवलं. हरणं फुलं खाऊन राह्यली. याला म्हणतात जनजागृती!" मी म्हटलं, सर, लोक उपाशी राहतील. ते म्हणाले, झाड सरकारचं आहे. हे मी बायनाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "सरकारनं त कधी नाव नाई लावलं." सरांनी पाट्यांचा विषय वीस तारखेच्या सभेपुढे ठेवला आहे. वीस तारखेला झाडावर फक्त पाट्याच राहतील.

चार दिवस मनात एकच घोळत होतं. न दिलेलं घेऊ नये, हे शील मी रोज सकाळी म्हणतो. पाट्या मंडळाच्या, काढल्या तर ते मोडतं. पण पाट्या लावल्या, तेव्हा आम्ही काय केलं? असो. सभेची वाट पाहण्याचं ठरवलं आहे. भांडण माझ्या स्वभावात नाही. वहिनींना जयभीम.

तुमचा,
लहानू

ता. क. : पत्र कालचं आहे, टाकायचं राहून गेलं. वडसा गाडीच्या कंडक्टरजवळ एक पोतं पाठवलं आहे. त्यात तांदूळ नाही. वहिनींनी उघडताना हात सांभाळावा, पत्र्याला धार आहे. तुमच्या गिरणीत कोपऱ्यात ठेवा. मंडळाची वस्तू आहे, वापरू नका. मागायला आले तर द्या, पण मोहाचा हंगाम संपेपर्यंत सापडत नाही म्हणा. (हे खोटं मी तुमच्याकडून बोलवून घेतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.)

ता. क. २ : मोजून घ्या, एकतीस आहेत. आज सकाळी वंदना करून पक्कड घेऊन गेलो आणि सगळ्या काढल्या. तसं सरांना लिहून, सोबत राजीनामा जोडून, तिकीट लावून पत्र पेटीत टाकलं आणि दुपारी टपालातून मीच त्यांना नेऊन दिलं. त्यांनी माझ्यासमोरच फोडलं, वाचलं आणि विचारलं, "लहानूजी, हे कोणाचं काम?" मी म्हटलं, सर, खाली सही आहे.

येताना पाहिलं तर एकतीस झाडांखाली बाया जागा झाडत होत्या.