मंगळवार, अकरा चाळीसचा कागद

१ फेब्रु. ९७, शनि.
आठवड्याचे फॅक्स मशीनमध्ये भरून ठेवले. शेठ चौघडियातली शुभ वेळ बघितल्याशिवाय कागद सोडत नाहीत. ज्याचा मुहूर्त जेव्हा, ती वेळ मशीनला लावायची, मग ते आपोआप पाठवतं. मुंबईच्या साड्यांची ऑर्डर सोमवारी, अमृत चौघडियात. यांना मस्कतला माझा कागद मंगळवारी, लाभात, ११.४०. मजकूर नेहमीचाच. आई बऱ्या आहेत, काळजी नको. सासूबाईंना तीन दिवस ताप आहे खरा, पण ते लिहिलं की हे तिकडे जेवण सोडतात.

३ फेब्रु., सोम.
सा.बाईंना सकाळीच धाप लागली. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवा. घरून, लिंबायतहून, रिक्षाने थेट उधन्याला, ऑफिसात. शेठ घड्याळ बघून, "अत्यारे तो काळ चाले छे, बेन." म्हटलं, अशुभ तर अशुभ, चालू दे. हातानेच पाठवला. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. दुपारी उत्तर. रजा मिळाली, बुधवारच्या विमानाने निघतो. रडूच आलं.

४ फेब्रु., मंगळ.
घरीच. अमळनेरहून भाऊजी आले, यांचे धाकटे. सा.बाई डोळे उघडतात तेव्हा एकच, "मना पोऱ्या उना का?" उद्या, म्हटलं. घोटभर चहा प्यायल्या. मलाही दोन घास गेले.

५ फेब्रु., बुध.
विमानाची वेळ कळेल म्हणून ऑफिसात गेले. यांचा फॅक्स पडला होता. "कालचं वाचून जीव भांड्यात पडला. आई सावरली, देव पावला. तिकीट परत केलं. दिवाळीला सावकाश येतो."

कालचं? काल तर मी घरी.

मशीनखाली त्याने छापलेली पोचेची चिठ्ठी सापडली. मंगळ., ११.४०, मस्कत, ओके. शनिवारी भरलेला. सोमवारच्या धावपळीत तो काढायचं सुचलंच नाही. दोन बटणांचं काम. मूर्ख, मूर्ख बाई.

लगेच दुसरा पाठवला, तो कागद जुना, निघा. यांच्या कंपनीत फोनही लावला. गोदामावरच्या माणसाला फोनवर बोलावत नाहीत म्हणाले. ऑफिस बंद होईपर्यंत उत्तर नाही.

सा.बाईंनी परत विचारलं. विमानात बसलेत, म्हटलं.

६ फेब्रु., गुरु.
पहाटे गेल्या. किती वेळ ठेवणार. भाऊजींनी अग्नी दिला. शेठकडून यांना कळवलं. मुहूर्त कोणीच बघितला नाही.

७
काही नाही. बायका येतात, रडतात, जातात. सगळ्यांचं एकच, शेवटी मुलगा हवा होता हो. मी मान हलवते.

८ फेब्रु., शनि.
शेठ भेटायला आले. जरा वेळ बसले, मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "बेन, मस्कतथी आव्यो छे." वाचलाय त्यांनी, तोंडावरून कळलं. एकच ओळ.

"मंगळवारचा कागद तू कधी लिहिलास?"

आईचं नाही, येण्याचं नाही, माझं तर नाहीच. भाऊजी विचारत होते, "काय म्हणतो दादा?" सांगितलं, खचलेत फार.

शेठ बाहेर थांबलेत. उत्तर लिहून द्या, आत्ताच्या आत्ता पाठवतो म्हणतात. शनिवारी म्हणावं, तर ताप तेव्हाही होताच. त्यासाठी म्हणून कागद फाडायला ही वही काढली, आणि अर्धा तास हेच लिहीत बसले आहे