देवापुढे ठेवलेली चिठ्ठी

गोडदेव, भाईंदर

प्रिय पंचशीला,

तुला घरी बसवलंय हे कळलं. सोमवारच्या चौकशीनंतर तुझं आशाताईचं काम कायमचं जाईल, असं खालची मंदा सांगून गेली. तिला वाटलं, मला बरं वाटेल.

माझी सून जाऊन तीन महिने झाले. संध्याकाळी समई लावली की आतल्या खोलीतून कृतिकाचा आवाज येतो, "आई, उजेड नको हो, डोळ्यांत घुसतोय." तिथे आता बाळाचा पाळणा आहे. बाळ एकटंच दाराकडे बघून हसतं. मी नामस्मरण मोठ्याने करते.

आठव्या महिन्यात तिची सूज पहिल्यांदा तुलाच दिसली. "वहिनी, सूनबाईच्या बांगड्या रुतल्यात बघा!" म्हणालीस आणि तिला दवाखान्यात सिस्टरांपुढे नेऊन बसवलंस. त्यांनी बीपी बघितलं, लघवी तपासायला दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येताच लॅबवाल्या प्रितमने सिस्टरांना गाठलं, सिस्टर तशाच डॉक्टरांकडे गेल्या, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून मोठ्या हॉस्पिटलात खाटही सांगून ठेवली. कृतिकाचा फोन लागेना म्हणून तू भर उन्हात चालत आलीस. तासाभरात चौघांनी एवढं केलंत. ती झोपली होती. चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणालीस, "आजच हं वहिनी, उद्यावर टाकू नका. गाडी बोलावू?" मी म्हटलं, नको, माझा धर्मेश नेईल.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. गर्भारशीला अमावास्येला उंबऱ्याबाहेर काढायला मन धजेना. चिठ्ठी देवापुढे ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं. पहाटे निघू म्हटलं. धर्मेशला काही बोललेच नाही. दिवेलागणीला तिला झटके आले. बाळ वाचलं, ती गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीबद्दल विचारलं तेव्हा धर्मेश बाळाला घेऊन शेजारीच उभा होता. त्याच्याकडे बघून मी म्हटलं, "आमच्याकडे कुणी आलंच नाही." तू समोरच होतीस. चिठ्ठी मी आधीच निर्माल्याबरोबर खाडीत सोडली होती.

सोमवारी मी येणार आहे. डॉक्टर, सिस्टर, प्रितम, सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. पाकीट बंद केलेलं नाही. धर्मेशच ते घेऊन येईल, आधी वाचून. मग बाळ माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते त्याने ठरवावं.

तुझीच अपराधी,
मनोरमा वहिनी