खिडकीजवळचं स्टूल

४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी तू सुचवलेला खोडसाळपणा मी अखेर केला. रंगवलेलं कापड गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतं का, हे आमच्या कारखान्यात रोज सकाळी पाच जण टेबलाशी बसून बघतात, ते तू लहानपणी पाहिलंयस. मी डाइंग मास्तर, म्हणून खिडकीजवळचं पहिलं स्टूल माझं. मी आधी बोलतो, मग बाकीचे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तेव्हा मी तुला कळवलं होतं, की सगळे रोज माझ्याशी सहमत असतात, म्हणजे नजर शाबूत आहे, ऑपरेशनची घाई नको. त्यावर तू विचारलंस, की ते कापड बघतात की तुमचं तोंड? एकदा मुद्दाम चुकीचं बोलून बघा, असंही लिहिलंस.

म्हणून सोमवारी एक हिरवट पडलेला निळा तुकडा, आंधळ्यालाही कळेल असा, नमुन्याशेजारी धरला आणि बेधडक जुळला म्हणालो. यंत्रवाला जुळला म्हणाला, पॅकिंगवालाही. तुझ्या काकाने तर मान वर करायचीही तसदी घेतली नाही. शेवटी बसते ती नवीन बाई. तिने तुकडा उलटून पाहिला आणि म्हणाली, की मास्तर, रागावू नका, पण हा हिरवट आहे. लगेच यंत्रवाल्याने घसा खाकरला. त्यालाही म्हणे तसंच वाटत होतं! काकाला नंतर विचारलं, तर म्हणतो, दादा, मी तुझा मान राखला.

त्या बाईचा राग यायचा, तर माझी छातीच फुगली. अशी खरं बोलणारी माणसं आपल्या टेबलावर आहेत! पण माझ्या नजरेचं काय, ते कळव.

तुझा,
बाबा

११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आपण मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे सोंगाडे बसवून प्रयोग करतो, तुझ्या वडिलांकडे ते आयतेच आहेत. सगळे एका सुरात बोलले की एकट्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. पहिला बोलणारा वडीलधारा असला, तर बघायलाच नको. पण एकाने वेगळं म्हटलं की बाकीच्यांनाही कंठ फुटतो. काकांना सांगा, त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

बाबा, शेवटी बोलून बघा. मात्र चारचौघांत तुम्हीच चुकलेले निघालात, तर? तेवढं मन घट्ट करा. डोळ्यांना जपा. मला तुमचा फार अभिमान वाटतो.

तुमची,
चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आज देवापुढे जरा जास्त वेळ बसलो. मागणं एवढंच, की तोंड बंद ठेवायचं बळ दे. मग नवीन बाईला खिडकीजवळ बसवलं आणि मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. करडा तुकडा होता. मला तो पक्का जुळलेला दिसत होता. बाई म्हणाली, लालसर आहे. यंत्रवालाही तेच म्हणाला. पॅकिंगवाला म्हणाला, जुळला. आणि तुझा काका, तुकडा उजेडात नेऊन म्हणाला, की लाल आहे, पण बाई म्हणते तेवढा नाही. इतक्या वर्षांत त्याचं स्वतःचं मत मी पहिल्यांदा ऐकलं! मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली.

माझी पाळी आली. मला जुळलेला दिसतो, असं खरं ते सांगितलं, आणि तुकडा परत रंगवायला पाठवला. दुपारी मालकांना सांगून आलो, की टेबल आता माझ्यावाचून चालतं. तिथूनच दवाखान्यात गेलो आणि ऑपरेशनची तारीख घेतली. बरा होऊन परतलो तरी माझं स्टूल दाराजवळचंच.

लोभ आहेच, तो वाढव. आणि मी चुकलो की अशीच सांगत जा.

तुझा,
बाबा