काकासाहेबांच्या देखरेखीखालची लिफ्ट

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून मी सोसायटीचा सेक्रेटरी. आधीचे सेक्रेटरी काकासाहेब उन्हाळ्यात वारले. माणूस चांगला, पण पद्धत जुनाट. दर रविवारी टॉर्च घेऊन लिफ्टच्या मशीन रूममध्ये. कशाला? लिफ्ट तर कधी बंद पडलीच नाही. सोसायटीला व्हिजन पाहिजे. गेटवर लाइटिंगची कमान. अख्ख्या चिकलठाण्यात नसेल अशी.

१२ सप्टेंबर, सकाळी
पाचव्याचं बटण दाबलं, लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर कुणी नाही. समोर काकासाहेबांचा कुलूपबंद फ्लॅट. दार अर्धं मिटलं, पुन्हा उघडलं. कुणी आत येत असावं तसं. मी घाबरलो नाही. घाम उकाड्याचा.

१३ सप्टेंबर
पुन्हा तेच. लिफ्टवाल्या सुदर्शनला बोलावलं. म्हणाला, साहेब, दाराचा सेन्सर गेलाय, ब्रेकबी घासलेत, काम होईस्तोवर बंद ठेवा. मी विचारलं, मग नेमकी तिसऱ्यावरच का थांबते? म्हणाला, ते खोलून बघावं लागंल. म्हणजे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.
शिवाय बंद कशी ठेवणार? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रोज संध्याकाळी खाली बाकावर मालनबाईंशी गप्पा, एवढंच तिचं बाहेर जाणं. सर्व्हिसिंग दसऱ्यानंतर. आधी कमान.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या
काकासाहेबांना गुलमंडीची इमरती आवडायची. पान वाढून लिफ्टनं तिसऱ्यावर पाठवलं. हात जोडले, म्हटलं, काका, लक्ष असू द्या. दिवसभर लिफ्ट झकास चालली. सुदर्शनला कळवलं, गरज नाही. रूपाली म्हणाली, गेलेल्या माणसाला ड्युटी लावलीत. बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
लिफ्टची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, उंबऱ्यावर नारळ. पाणी फटीतून खाली गेलं. दार कुरकुरलं. समाधानाचा आवाज असावा. आईनं विचारलं, हार घातलास, तेल कधी घालतोस? हसण्यावारी नेलं.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी
आई अडकली. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये, एकटी, अंधारात. दाराला तोंड लावून ओरडलो, घाबरू नको, काकासाहेब आहेत. सुदर्शन वाळूजला होता. तो येईपर्यंत पुन्हा इमरती मागवावी असा विचार करत होतो.

९ ऑक्टोबर
लिफ्ट दुरुस्त. ब्रेक, सेन्सर नवे. कमान रद्द. तरी आई बसत नाही. पाच मजले तिला झेपत नाहीत. खाली मालनबाई बाकावर एकट्याच. आज पुन्हा समजावलं, आता सगळं ठीक आहे, आणि वर काकासाहेबांचं लक्ष... आईनं तिथंच थांबवलं. म्हणाली, लई हाका मारल्या त्यांना. कुणी नाय बाबा तिथं. तूबी नव्हतास.
पहिल्यांदाच खरी भीती वाटली. मी दाराशीच होतो. पण तिला तसं सांगितलं नाही.